वाचकांची पत्रं : मध्येच थांबवू की पुढे नेऊ?

(पत्रांतली गावं, वयं आणि नाती बदलली आहेत. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची ओळख पटेल असं काही छापायला पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ नं मनाई आहे. तो कायदा नसता, तरी मी ते छापलं नसतं.)

ताई, नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. घरी बसून विड्या वळते, मालक ट्रकवर असतात. माझी मुलगी नऊ वर्षांची, मराठी शाळेत चौथीत आहे. मालकांच्या चुलतभावानं वर्षभर तिच्याशी घाणेरडे प्रकार केले, ते आम्हाला दिवाळीनंतर कळलं. आम्ही तक्रार दिली, केस चालू आहे. बेळगावात एका समुपदेशक मॅडमकडं दहा दिवसांतनं एकदा नेते. सहा वेळा झालं. पहिल्या चार वेळी चित्रं काढली, श्वास घ्यायला शिकवला. पोरगी खुशीत यायची. पाचव्या वेळी मॅडमनी काय झालं ते थोडं सांगायला लावलं, तेव्हापासनं तिनं परत अंथरूण ओलं करायला सुरुवात केली. रात्री ओरडून उठते, माझा पदर सोडत नाही. सासूबाई म्हणतात, "खपली कशाला काढता? लहान आहे, विसरून जाईल." मालक म्हणतात, "चित्रं काढायला बेळगाव कशाला पाहिजे?" मॅडम लई चांगल्या, पण त्यांची भाषा कन्नड. मराठी त्यांना समजतं, बोलायला येत नाही. मीच मधे बसून सांगते. कोल्हापूर आम्हाला जवळ पडतं, पण बेळगावची बस आम्हा बायकांना फुकट आहे. तो माणूस जामिनावर सुटून आलाय, परवा आमच्या गल्लीतनं गाडीवरनं गेला. ताई, खरं सांगा, ह्याचा उपयोग होतो का? का मी पोरीला उगीच छळतेय?
— एक आई

उत्तर : तुम्ही पोरीला छळत नाही आहात. उपयोग होतो. ही दोन वाक्यं आधी लिहितेय, कारण तुमचं पत्र वाचून मला वाटलं की पुढच्या बैठकीला जायचं की नाही हे तुम्ही एक-दोन दिवसांत ठरवणार आहात. जा. थांबायचंच होतं तर आधी कुठं तरी थांबायचं होतं, नाहीतर पुढे कधी तरी थांबा. आत्ता थांबू नका. पोरीनं वर्षभर दाबून ठेवलेलं आता कुठं तोंडाबाहेर काढलंय. ह्या टप्प्यावर नेणं बंद केलंत, तर तिच्या मनात एवढंच राहील की मी बोलले आणि सगळे घाबरले.

मी शाहापूरची. विणकरांच्या गल्लीत वाढले आणि गेली चोवीस वर्षं अशाच मुलांबरोबर काम करते. खोलीत एक सतरंजी, मातीचा गोळा, रंगीत खडू आणि एक फुंकणी. होय, चुलीची फुंकणी. खेड्यातल्या मुलांना "दीर्घ श्वास घे" म्हटलं तर ती खांदे वर करून छाती फुगवतात. "निखारा उडू नये, पण फुलला पाहिजे, अशी फुंकर घाल" म्हटलं की बरोबर घालतात. तुमच्या मालकांना हे सांगा. पहिल्या चार वेळी जे झालं तो टाइमपास नव्हता. पाचव्या वेळी तिला जे बोलायचं होतं ते पेलण्यासाठी ती तयारी होती.

आता उपयोगाबद्दल. "समुपदेशन" ह्या पाटीखाली जे जे चालतं त्या सगळ्याचा उपयोग होत नाही, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल लिहितेय. मुलाला समोर बसवून "शूर हो, अभ्यासात लक्ष घाल" असा उपदेश करणं हा उपचार नव्हे. ज्याची सर्वांत जास्त पारख झालीय, तो उपचार अमेरिकेतल्या जुडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंजर ह्या तिघांनी बसवला. साधारण बारा ते सोळा बैठका. आधी मुलाला आणि आईला समजावणं, मग शरीर शांत करायला शिकवणं, भावनांना नावं देणं, मग जे घडलं ते थोडं थोडं सांगणं किंवा लिहिणं, त्यातल्या चुकीच्या समजुती सोडवणं आणि शेवटी मुलानं ते आईपुढे मांडणं. २००४ साली त्यांनी ८ ते १४ वयाच्या २२९ मुलांचा अभ्यास छापला. निम्म्यांना हा उपचार दिला. उरलेल्यांना मायेनं ऐकून घेणारी, मूल नेईल तिकडे जाणारी पद्धत दिली. माया दोन्हीकडे होती. तरी भीती, उदासी आणि शरम पहिल्या गटात जास्त उतरली. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की त्या गटातल्या आयांचं स्वतःचं खचलेपणही जास्त कमी झालं.

तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका अभ्यासात आहे, २०११ चा. ४ ते ११ वयाची २१० मुलं होती. काहींना आठ बैठका, काहींना सोळा. काहींकडून घडलेलं सांगून घेतलं, काहींकडून नाही. घडलेल्या गोष्टीची भीती आणि एकूण चिंता सर्वांत जास्त कमी झाली ती आठ बैठकांत सांगून घेतलेल्या मुलांची. न सांगता सोळा बैठका ज्यांनी आईबरोबर घालवल्या, तिथे मुलांचं वागणं आणि आईचं हाताळणं जास्त सुधारलं. दोन्हीला मोल आहे. पण भीती उतरवायला सांगण्याची वाट जास्त उपयोगी पडली.

सासूबाई अगदीच चूक आहेत असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. १९९३ साली ४५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अत्याचार झालेल्या साधारण एक तृतीयांश मुलांत कोणतीच लक्षणं दिसली नव्हती, आणि लक्षणं असलेल्यांपैकी बरीच मुलं पहिल्या वर्ष-दीड वर्षात सावरत गेली होती. आजीच्या पिढीनं अशीही मुलं पाहिली असणार. पण त्याच पाहणीत हेही दिसलं, की आई पाठीशी उभी राहिली की नाही ह्यावरही त्रासाचं प्रमाण ठरतं. तुमच्या मुलीला लक्षणं आहेत, ती महिनोन्महिने आहेत, म्हणून तिच्या बाबतीत वाट बघून चालणार नाही. सासूबाईंना बोलण्यानं पटत नसेल तर एकदा बेळगावला सोबत न्या. बाहेरच्या बाकावर बसू देत.

आता भाषेकडे येते. तुमच्या पत्रात मला ह्याच गोष्टीची जास्त काळजी वाटली.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. आता तिचं लग्न झालंय, मूल आहे, तिच्या परवानगीनं लिहितेय. दहा वर्षांची असताना तिचा जबाब झाला. ती मराठीत बोलली, मध्ये एकानं कन्नडमध्ये सांगितलं, लिहिणाऱ्यानं कन्नडमध्ये लिहिलं. ती म्हणाली होती, "मला कसंनुसं होतं." कागदावर आलं "नोवु", म्हणजे दुखणं. पुढे सगळे तिला विचारत राहिले, कुठं दुखतं? ती म्हणायची, दुखत नाही. लोकांना वाटलं बरी झाली. पोरगी मात्र गोड खाईना. सणाला पुरणपोळी पुढे आली की उठून परसात जायची. माझ्याकडे आल्यावर सातव्या-आठव्या बैठकीत मी तिला मातीतून ते "कसंनुसं" कसं दिसतं ते करून दाखवायला सांगितलं. तिनं एक चपटा चौकोन केला आणि नखानं त्यावर रेघा ओढल्या. चिक्की. तो माणूस तिला दर वेळी चिक्की द्यायचा, आणि ती खायची, कारण तिला चिक्की आवडायची. "मी खाल्ली ना, म्हणजे मी हो म्हटलं." दोन वर्षं हे एक वाक्य तिच्या पोटात बसलं होतं, आणि चूक भाषांतर झालेल्या एका शब्दामुळे तिथपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं.

मग आम्ही दोघींनी त्या चिक्कीवर चार बैठका घालवल्या. शेजारणीच्या लहान मुलीला कुणी चिक्की दिली आणि तिनं खाल्ली, तर ती वाईट का? नाही. तिला पुढचं ठाऊक होतं का? नाही. मोठ्या माणसाला ठाऊक होतं का? होतं. मग चूक कुणाची? हे प्रश्न वरवर सोपे दिसतात. "कुणाची" ह्या शब्दाशी ती तीनदा थांबली. चौथ्यांदा तिनं त्या माणसाचं नाव घेतलं, मोठ्यानं. शेवटच्या बैठकीत तिनं सगळं आईला वाचून दाखवलं. आईला मी आधी दोन वेळा एकटीला बसवून तयार केलं होतं, म्हणून ती रडली तरी उठून गेली नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, तुम्ही दुभाषी होऊ नका. मुलं आईला जपतात. आई मध्ये बसलीय म्हटल्यावर पोरगी जिथं तुमचा चेहरा उतरतो तिथं गोष्ट आवरती घेते. मॅडमना मोकळेपणानं सांगा, की एखादी मराठी बोलणारी सहकारी बाई बसवता येईल का. नात्यातली नको, गावातली नको. त्या चांगल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांना राग येणार नाही. नाहीच जमलं, तर कोल्हापूर किंवा कुठंही मराठी माणूस गाठा. त्याआधी मॅडमकडून आतापर्यंत काय झालं ते दोन पानांत लिहून घ्या. पोरीला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावू नये म्हणून. कर्नाटकच्या शक्ती योजनेतली बायकांची फुकट बस सीमेपाशी थांबते हे मला माहीत आहे, आणि विड्या वळणाऱ्या बाईला एका दिवसाची मजुरी म्हणजे काय हेही. तरी निपाणीहून कोल्हापूर बेळगावच्या निम्म्या अंतरावर आहे. केस कर्नाटकात आहे म्हणून उपचार महाराष्ट्रात घेता येत नाहीत असं काही नाही. कोर्टातही भाषेचा हक्क आहे. पॉक्सोच्या कलम १९, २६ आणि ३८ मध्ये तक्रार, जबाब आणि साक्ष ह्या तिन्ही वेळी दुभाष्याची तरतूद केलेली आहे. साक्षीच्या वेळी पोरीला मराठीतच बोलू द्या. येतं तेवढ्या तुटक कन्नडमध्ये बोलायला लावू नका.

बेंगळूरचा मोठा डॉक्टरच हवा का, असं कुणी म्हणालं तर त्यांना झांबियाची गोष्ट सांगा. लुसाकात २५७ मुलांवर हाच उपचार पदवी-बिदवी नसलेल्या, नीट शिकवून तयार केलेल्या तिथल्याच कार्यकर्त्यांनी केला. २०१५ साली तो अभ्यास छापून आला. उपचार मिळालेल्या मुलांच्या आघाताच्या लक्षणांत सुमारे ८२ टक्के घट झाली, नेहमीची मदत मिळालेल्यांत २१ टक्के. माझ्या सीमाभागातल्या अंगणवाडीताई आणि आशाताई डोळ्यांपुढे आणून मी तो अभ्यास वाचला होता. आपल्याकडे हे का होऊ शकत नाही, ह्या प्रश्नानं मला अजून झोप लागत नाही.

दुसरी बाजूही लिहायला हवी. सगळे अभ्यास इतके उजळ नाहीत. २०१२ साली १० चाचण्या आणि ८४७ मुलं एकत्र करून तपासलं, तेव्हा ह्या धाटणीच्या उपचारांचा फायदा दिसला, पण माफक, आणि बरेचसे आकडे ठाम म्हणता येतील इतके मोठे नव्हते. काही मुलं बरी व्हायला जास्त वेळ घेतात. काहींना औषधाच्या डॉक्टरचीही गरज लागते. म्हणून मी आयांना सांगते, माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज सकाळी तीन खुणा करा. अंथरूण ओलं झालं का, रात्री उठली का, शाळेत गेली का. एवढंच. पोरीला दाखवून करू नका. सांगण्याच्या टप्प्यावर दोन-तीन आठवडे खुणा वाढू शकतात, काही मुलांचं तसं होतं. त्यानंतर त्या उतरायला लागल्या पाहिजेत. आणखी पाच-सहा बैठका होऊनही तेवढ्याच राहिल्या, तर ते पान मॅडमपुढे ठेवा आणि विचारा, आता वेगळं काय करायचं? मॅडम दर बैठकीत शेवटची पंधरा-वीस मिनिटं तुम्हालाही देतात का, हेही बघा. देत नसतील तर मागून घ्या. १९९६ च्या एका अभ्यासात शंभर मुलं चार गटांत होती. फक्त मुलाला उपचार, फक्त आईला, दोघांना आणि नेहमीची मदत. मुलावर उपचार झाले तिथे भीती कमी झाली. आई उपचारात होती तिथे मुलाची उदासी आणि आडदांडपणा कमी झाला, आणि दोन वर्षांनीही ते टिकलं होतं. तुम्ही पोरीला पोचवून बाहेर बसणारी सोबतीण नाही. उपचाराचा अर्धा भाग तुमच्यावर आहे.

पोरीनं जेवण टाकलं, मरणाची भाषा केली, स्वतःला चिमटे-ओरखडे काढले, तर दहा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तो माणूस गल्लीतून गाडीवरून गेला, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, मी असते तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. पोरगी अजून धोक्यात असेल तर उपचार लागू पडणं फार कठीण होतं. तिचं शरीर घाबरतंय ते बरोबर आहे, त्याला मी "घाबरू नको" कसं शिकवू? आणि पाचव्या बैठकीनंतरचा त्रास सगळा त्या सांगण्यामुळेच आलाय की त्या गाडीच्या आवाजामुळे, हे आधी तपासा. गाडी गेली तो दिवस आणि अंथरूण ओलं झाल्याचा दिवस कालनिर्णयावर शेजारी शेजारी लिहा. मग तारीख-वेळेसह ते तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लेखी कळवा, पोच घ्या. जामिनाच्या अटी मोडल्या असतील तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला वकील फुकट मिळेल. बाई आणि मूल असेल तर तिथे उत्पन्नाची अट नसते. बालकल्याण समितीकडे "सहाय्यक व्यक्ती" मागा. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत तशी सोय आहे. पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत पोरीसोबत राहणारं हे माणूस मराठी बोलणारंच द्या, असं अर्जात लिहा.

आणि कुणी म्हणालं, "साक्ष होईपर्यंत उपचार बंद ठेवा", तर ऐकू नका. असं कायद्यात कुठंही नाही.

मालकांसाठी एक काम आहे. चित्रांवर टीका करण्याऐवजी घरी असतील त्या दिवशी त्यांनी पोरीला शाळेत सोडावं, त्याच गल्लीतून, हात धरून.

महोदय, मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिक्षक आहे. दुसरीतल्या एका मुलाच्या पाठीवर वळ दिसतात. बाप दारू पीत नाही, शिस्त म्हणून मारतो. आम्ही गेल्या महिन्यात शाळेत एक दिवसाचं मुलांचं समुपदेशन शिबिर घेतलं. त्यानंतर तो आणखी गप्प झाला. काय करावं?
— एक गुरुजी

उत्तर : गुरुजी, शिबिर वाईट नव्हतं, पण ज्याला उपचार हवा तो शिबिरात आलाच नव्हता. मारणाऱ्या आई-बापांसाठी एक पद्धत आहे. मूल आणि पालक एका खोलीत खेळतात, प्रशिक्षक काचेपलीकडून बघतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रात क्षणाक्षणाला सांगतो. आता कौतुक कर, आता दुर्लक्ष कर, आता एकच सूचना दे, आवाज चढवू नको. २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात मुलांना मारणारे ११० पालक होते. नेहमीच्या पालक-गटात बसलेल्यांपैकी ४९ टक्क्यांविरुद्ध पुढच्या साधारण ८५० दिवसांत पुन्हा तक्रार आली, ह्या पद्धतीत १९ टक्क्यांविरुद्ध. तिसऱ्या गटाला हीच पद्धत आणि वर आणखी बऱ्याच सेवा दिल्या, तिथे ३६ टक्के. जास्त दिलं म्हणजे जास्त फायदा असं झालं नाही. नेमका सराव कामी आला.

आपल्याकडे काच आणि कानातलं यंत्र नसलं तरी सराव करता येतो. समुपदेशकासमोर बापानं मुलाला दहा मिनिटं खेळवायचं, एकही हुकूम न देता. मी हे बापांकडून करून घेतलंय. पहिल्या दिवशी बहुतेकांना तीन मिनिटंही जमत नाही.

पण ते नंतर. वळ दिसताहेत, तेव्हा आधी १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा बालकल्याण समितीला लेखी कळवा. तारखेनिशी नोंद ठेवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये पालकानं केलेली क्रूरताही गुन्हा आहे. कृपा करून बापाला शाळेत बोलावून "तुमचा मुलगा असं सांगतो" म्हणू नका. तुमची शाळा साडेचारला सुटत असेल, तर त्या पोराला पाचला त्याच घरी जायचं असतं.